आधी इयत्ता ठरवा, मग बी. एड.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'दुसरं काही जमत नसेल, तर बी. एड. तरी कर.' या 'तरी'मध्ये दोन समजुती दडलेल्या आहेत. शिकवणं हे ज्याला बाकी काही जमत नाही त्याचं काम, ही एक. आणि बी. एड. झालं की माणूस मास्तर झाला, ही दुसरी. पहिल्या समजुतीवर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं आहे. तिच्यात फारसा फरक पडलेला नाही. आज मला बोलायचं आहे ते दुसरीविषयी. ही समजूत उराशी धरून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली आपली दोन वर्षं आणि आईबापांची पुंजी खर्ची घालतात आणि मग त्यांना कळतं, की ज्या दारापाशी आपण उभे आहोत ते दार आपल्यासाठी नव्हतंच.

डॉक्टर झालेला माणूस वैद्यक परिषदेत नाव नोंदवतो. वकिलाला बार कौन्सिल सनद देते. शिक्षकाला अशी एक सनद आपल्याकडे नाही. त्याच्या हाती असते ती कागदांची माळ. पदवीची गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचे गुण, बी. एड.ची पदवी, पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र, अभियोग्यता चाचणीचे गुण. यातला प्रत्येक मणी वेगळ्या कचेरीतून येतो. बी. एड. महाविद्यालयाला मान्यता देते ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्यानं ती स्थापन झाली आणि १९९५ पासून कामाला लागली. प्रवेशाचं काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे. पदवी विद्यापीठाची. पात्रता परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. आणि अनुदानित शाळांतल्या भरतीचा मार्ग जातो शिक्षण विभागाच्या 'पवित्र' पोर्टलमधून. पाच दारं आणि पाच रखवालदार! एकानं आत सोडलं म्हणून दुसरा सोडेलच असं नाही. त्यांची आपसात फारशी ओळख नसावी, असं कधी कधी वाटतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की ही माळ शेवटच्या मण्यापासून मोजायला घ्या. आधी ठरवा, आपल्याला कोणत्या इयत्तेला शिकवायचं आहे.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते. जुन्या लोकांचं डी. एड., मधल्या काळातलं डी. टी. एड. आणि आताचं डी. एल. एड. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्याबरोबर ही पदविका किंवा बी. एड. चालतं. पहिली ते आठवीच्या या दोन्ही टप्प्यांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. नववी-दहावीला पदवी आणि बी. एड.; तिथे टीईटीची अट नाही. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, किमान ५० टक्के गुणांची, आणि बी. एड. हे चार टप्पे एका कागदावर लिहून भिंतीला लावले, तरी निम्मा गोंधळ कमी होईल.

तुम्ही म्हणाल, बी. एड. ही पदवीनंतरची पदवी. मोठं शिक्षण घेतलेल्याला लहान वर्गाला का शिकवता येऊ नये? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ जून २०१८ ला परिषदेनं अधिसूचना काढून बी. एड.धारकांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं. अट अशी होती, की नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा एक जोड अभ्यासक्रम पूर्ण करायचा. राजस्थान उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. प्राथमिक शिक्षणाचा हक्क म्हणजे नुसतं शाळेत बसण्याचा हक्क नव्हे, चांगलं शिकवलं जाण्याचा हक्क आहे, आणि बी. एड.चा अभ्यासक्रम लहान मुलांना शिकवण्यासाठी बेतलेलाच नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या तारखेआधी नियमाप्रमाणे नेमले गेलेल्यांच्या नोकऱ्यांना धक्का लागणार नाही. पण जी मुलं २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत प्राथमिक शाळेच्या आशेनं बी. एड.ला बसली आणि नोकरी मिळण्याआधीच दार बंद झालेलं ज्यांनी पाहिलं, त्यांची भरपाई कोणी केली नाही.

न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरांची आणि अंकांची ओळख करून देणं हे सोपं काम नाही. मोठ्यांसाठी कविता लिहिणं त्या मानानं सोपं, मुलांसाठी लिहिताना घाम फुटतो, हे मी अनुभवानं सांगतो. पण निर्णय योग्य असला, तरी त्याची किंमत ज्यांनी मोजली ती मुलं चुकलेली नव्हती, एवढं तरी म्हटलं पाहिजे.

आमच्या मोहल्ल्यात शासनाचं मराठी वाचून त्याचा अर्थ सांगण्याचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. कवी म्हणजे मराठी चांगलं येणारा माणूस, असा तिथला सरळ हिशेब. एकदा शेजारची एक मुलगी आली. बी. ए. नुकतंच झालेलं.

"चाचा, बी. एड.चा फॉर्म भरायचाय. उद्या शेवटची तारीख आहे."

"कुठल्या वर्गाला शिकवायचंय बेटा तुला?"

"लहान मुलांना. पहिली-दुसरीला."

"मग बी. एड. कशाला?"

ती गप्प. तिला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, की डी. एड. बारावीवाल्यांसाठी असतं, तू तर पदवीधर आहेस. पदवीनंतर पदविका घेणं म्हणजे जिना उतरणं, असं आपल्याकडे वाटतं. पण पहिलीच्या वर्गाचं दार जिथे आहे तिथे जायला तोच जिना आहे. तिला ते पाच मिनिटांत उमगलं. तिच्या अब्बांना पटवायला मात्र माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

समजा, इयत्ता ठरली आणि बी. एड.च करायचं आहे. मग पहिली अट गुणांची. कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीला किमान ५० टक्के. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. अभियांत्रिकीची पदवी असेल, तर ५५ टक्के. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हे गुण पदवीचे किंवा पदव्युत्तर पदवीचे, कोणतेही चालतात. बी. ए.ला ४७ टक्क्यांवर अडकलेल्या मुलानं एम. ए.ला ५० टक्के मिळवले, तर त्याला प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

दुसरी अट सीईटीची. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तिचे भाग आहेत. ज्यांना इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं आहे, त्यांना याखेरीज इंग्रजी भाषेची पन्नास गुणांची वेगळी चाचणी द्यावी लागते. कित्येक जण अर्ज भरताना ती सोडून देतात आणि नंतर हळहळतात. सीईटीच्या गुणांवर केंद्रीभूत फेऱ्या होतात. या फेऱ्यांतून जागा घ्यायची का संस्थेच्या कोट्यातून, याचा विचार करताना एक लक्षात ठेवावं, की शासनाच्या शुल्कसवलती आणि शिष्यवृत्त्या केंद्रीभूत फेरीतून आलेल्यांसाठी असतात.

परीक्षेपेक्षा जास्त मुलं अडतात ती कागदांवर. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माहितीपत्रकात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, अशी यादी वाचायला सोपी. पण नाव? आमच्याकडे शेख, सय्यद, पठाण कधी नावाच्या आधी लागतात, कधी नंतर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक क्रम, पदवीवर दुसरा, आधार कार्डावर तिसरा. एकाच बापाचं नाव कुठे इस्माईल, कुठे इस्माइल, कुठे ईस्माइल. घरात कोणाला कधी अडचण आली नाही; संगणकाला मात्र ही तीन माणसं वाटतात. लग्न झालेल्या मुलींचं दुखणं तर सर्व समाजांत सारखंच. माहेरच्या नावानं पदवी, सासरच्या नावानं रेशनकार्ड, आणि मधला दुवा जुळवायला राजपत्रातली नोंद. ही नोंद फेरीच्या आठवड्यात करायला धावलं, तर हाती लागत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवून बाकीचे सगळे कागद त्याच्याशी ताडून पाहावेत.

जातीच्या दाखल्याचं तसंच. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी असे मुसलमानांतले कितीतरी समाज महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. गुरुजींनी धर्म विचारला, लिहिला आणि पुढच्या मुलाकडे वळले. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. मग एखाद्या चुलत्याच्या दाखल्यावरची नोंद, जुना खरेदीखताचा कागद, अशी शोधाशोध सुरू होते. तिला महिने लागतात. दाखला वेळेत नसेल, तर मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाते आणि तिच्या ४६ टक्क्यांना किंमत उरत नाही.

आता अभ्यासक्रमाविषयी. पूर्वी बी. एड. एका वर्षाचं होतं. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी ते दोन वर्षांचं केलं आणि २०१५ पासून तसं सुरू झालं. वर्षाला दोनशे कामाचे दिवस, वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या अनुभवाला ९० टक्के हजेरी, असा नियम आहे. या दोन वर्षांतले वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचणं, सराव पाठ, मागच्या बाकावर बसून टिपणं घेणारे प्राध्यापक, आणि 'हे नवीन सर किती दिवस आहेत?' असं एकमेकांना विचारणारी पोरं. मला विचाराल, तर बी. एड. हे एवढंच आहे. बाकी ग्रंथालयातही मिळतं.

आणि नेमका हाच भाग टाळून देण्याचा धंदा चालतो. 'हजर राहायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं सांगणारे दलाल गावोगावी भेटतात, कधी परराज्यातल्या महाविद्यालयाचं नाव घेऊन येतात. मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा बी. एड. आहे, तो वेगळा. तो मुख्यतः आधीच प्रशिक्षण घेऊन शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, नव्या पदवीधरांसाठी नाही. प्रवेशाआधी दोन गोष्टी विचाराव्यात. महाविद्यालयाला अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आज आहे का, आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का. कधी काळी मान्यता होती, हे पुरेसं नाही. आपल्याच राज्यातल्या अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला आणि दोन वर्षांच्या बी. एड.ची वाट त्यातूनच निघाली. आपल्या कपाळी हे वाढीव वर्ष कुठून आलं, असं विचारणाऱ्या मुलांना हा इतिहास सांगायला हवा. तो फार अभिमानाचा नाही.

अध्यापन पद्धतीची निवडही विचारपूर्वक करावी. पदवीला इतिहास आणि बी. एड.ला सोपी वाटते म्हणून भलतीच पद्धती, असं केलं तर भरतीच्या वेळी पदवीचा विषय आणि पद्धती यांचा मेळ बसत नाही. शाळेला हवा असतो गणिताचा शिक्षक, इंग्रजीचा शिक्षक, नुसता बी. एड. कोणाला नको असतो.

टीईटी आली ती शिक्षणहक्क कायद्याबरोबर. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनं पहिली ते आठवीसाठी ही परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. आधी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं असे. २०२१ मध्ये ती आयुष्यभराची करण्यात आली, तीही मागच्या प्रमाणपत्रांसकट. या परीक्षेचे निकाल फार कमी लागतात, अनेकदा दहा टक्क्यांच्याही आत. परीक्षा अवघड आहे का आपलं शिक्षण कच्चं आहे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण कमी निकालाच्या परीक्षेभोवती बाजार उभा राहतो, हे मात्र आपण पाहिलं. २०१९ च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुण्याच्या पोलिसांनी उघडकीला आणलं, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन प्रमुखांना डिसेंबर २०२१ मध्ये अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. ज्यांनी रात्री जागून साठ टक्के मिळवले होते, त्यांच्याही प्रमाणपत्राकडे लोक काही दिवस संशयानं पाहत होते.

एवढं झालं तरी नोकरी नाही. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. नववी-दहावीच्या उमेदवाराला टीईटी नसली, तरी ही द्यावीच लागते. या चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून शिफारस होते. ही पद्धत येण्याआधी संस्थाचालकांच्या दारात काय चालायचं, ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तिला माझा विरोध नाही. तक्रार आहे ती वेळेची. पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये पाच वर्षं गेली. २०१८ मध्ये बी. एड. झालेल्या मुलानं पाच वर्षं काय करावं, याचं उत्तर कोणत्याही शासन निर्णयात मला सापडलेलं नाही. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. हे मानधन कित्येक वर्षं सहा, आठ आणि नऊ हजारांवर अडकून होतं. जानेवारी २०२३ पासून ते वाढवून प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार करण्यात आलं.

पुढची दिशा चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची आहे. बारावीनंतर पदवी आणि बी. एड. एकत्र. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०३० पर्यंत शिक्षकांसाठी हीच किमान पदवी असावी असं म्हटलं, आणि २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ संस्थांत त्याची सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेनं जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात एका वर्षाचं बी. एड. पुन्हा आणण्याचा प्रस्ताव होता. पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी. 'एका वर्षाचं बी. एड. परत आलं' एवढंच ऐकून तीन वर्षांच्या पदवीवाल्यांनी थांबून राहू नये.

आतापर्यंत बोललो ते शिक्षक होऊ पाहणाऱ्यांविषयी. जे झाले आहेत, त्यांच्याही दारावर १ सप्टेंबर २०२५ ला थाप पडली. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की शिक्षणहक्क कायद्याआधी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर सेवा सोडावी. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे, त्यांना राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लावायचा का, हा प्रश्न त्याच निकालानं मोठ्या पीठाकडे सोपवला. कारण २०१४ च्या प्रमती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं अशा शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं होतं.

निकाल आल्यावर आमच्या भागातल्या दोन प्राथमिक शिक्षिकांनी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या. संध्याकाळी घरातली कामं आवरली की दोघी एकत्र बसून त्या सोडवतात. त्यांतल्या एक आपा मला म्हणाल्या, "बावीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. आता मूल कसं शिकतं, ते पुस्तकातून पाठ करतेय." बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न त्यांना अवघड जात नाहीत, भाषेचेही नाहीत. गणिताच्या तीस प्रश्नांना वेळ पुरत नाही, म्हणून बारावीत शिकणारा भाचा त्यांना घड्याळ लावून सराव करायला बसवतो.